डाव्या मडगार्डवरील दोन थापा

सुकन्या : पाणी नंतर, मामी. आधी मामांचं उत्तर. लोह्याहून दोन बस आणि एक जीप बदलून मी तुमच्या गावात आले, ती घसा ओला करण्यासाठी नव्हे.

बसम्मा : असं म्हनू नये, यव्वा. चैताचं ऊन हाय. आदिनाथची बहीण माझ्या दारातून कोरडी गेली म्हनल्यावर मी कुठं तोंड दाखवू? दोन घोट घे, मंग भांड.

मलप्पा : तिला बोलू दे, बसम्मा. बाळ, तुझा प्रश्न मी ऐकला. त्याचं उत्तर देणं हे माझं कर्तव्य आहे, हेही मला मान्य आहे. परंतु जे घडलं ते मी चौकशी समितीसमोर यापूर्वीच कथन केलेलं आहे. जबाब लेखी आहे. त्याखाली माझी स्वाक्षरी आहे.

सुकन्या : तो जबाब माझ्या पिशवीत आहे. तीन ओळी आहेत. 'मला अंगठ्याचा इशारा मिळाला. मी टग चालू केला. त्यानंतर आदिनाथ दांडा ओलांडून पलीकडे धावला.' आदिनाथ गेल्यापासून आठ महिने आमच्या घरात या तीन ओळी फिरत आहेत, मामा. आई भाकरी थापता थापता मध्येच थांबते आणि विचारते, 'कामून धावला असंल गं त्यो?' तिला मी काय सांगू?

मलप्पा : सांग की, नियतीपुढे मानवाचं...

सुकन्या : नियतीच्या कानाला हेडसेट नव्हता. माझ्या भावाच्या कानाला होता.

बसम्मा : लातूरच्या कॉलेजानं जीभ लई धारेची केली गं तुझी.

सुकन्या : जीभ आधीपासूनच होती, मामी. कामाला आता लागली. हे पत्र बघा. कंपनी मला आदिनाथच्या जागेवर घेते आहे. त्याच विमानतळावर, हेडसेटवरच. येत्या सोमवारी हजर व्हायचं. त्याआधी एका कागदावर सही करायची, की अपघात मृताच्या स्वतःच्या चुकीमुळे घडला आणि ते कुटुंबाला मान्य आहे.

मलप्पा : आणि सही केली नाहीस तर?

सुकन्या : तर सोमवारपर्यंत पुरवणी जबाब द्यावा लागेल. जो त्या वेळी तिथे हजर होता त्याचा. दांड्याच्या एका टोकाला तो होता आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही. तिसरं जवळ कुणी नव्हतं.

बसम्मा : आन् नोकरी?

सुकन्या : सही केली तर नोकरी आहे. नाही केली तर काय, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

मलप्पा : म्हणजे सही करावी की न करावी, हे तू मला विचारायला आलीस.

सुकन्या : हो. चूक त्याची असेल तर मी आईच्या समोर बसून सही करीन. भाऊ होता म्हणून खोटं धरून बसणार नाही. पण चूक त्याची होती, एवढं एकदा माझ्याकडे बघून बोला. खुंटीकडे बघून नको.

बसम्मा : यांना काय इचारती, लेकरा? आठ म्हैने झाले, फाटकाच्या बाहेर पाय टाकला न्हाई. शेजारच्या बाईनं धुनं आपटलं की ताटावरून उठून उभं ऱ्हातेत. वाऱ्यानं पत्रा वाजला की डाव्या अंगाला मान करून बघत बसतेत. कुनी न्हाई तितं. मी देगलूरच्या डॉक्टरला इचारलं, स्वामीला इचारलं. हे म्हनतेत, मला काई झालं न्हाई.

मलप्पा : बसम्मा, हा विषय इथे अप्रस्तुत आहे.

बसम्मा : आप्रस्तुत म्हनं! विमानतळावर सुरक्षेचं पुस्तक पाठ करून आले, तवापासून घरात बी पुस्तकावानीच बोलून राहिले. मीठ मागाया बी 'कृपया' म्हनतेत.

सुकन्या : मामा, मला ते काम पहिल्यापासून सांगा. सोमवारपासून मला तिथेच उभं राहायचं आहे.

मलप्पा : ठीक आहे. लक्षपूर्वक ऐक. ती विमानं जागेवरून स्वतः मागे जात नाहीत. प्रवासी बसले, दारं लागली, की पुढच्या चाकाला एक लांब लोखंडी दांडा जोडतात. दांड्याचं दुसरं टोक माझ्या टगला. टग म्हणजे एक बुटका, अतिशय जड ट्रॅक्टरच समज. माझं तोंड विमानाकडे. मी पुढे रेटतो आणि विमान मागे सरकतं. आदिनाथच्या कानाला हेडसेट, त्याची तार विमानाला जोडलेली. वैमानिक त्याला सांगणार की ब्रेक सोडला. मग आदिनाथ मला इशारा देणार. त्या इशाऱ्यावाचून टगचं चाक बोटभर फिरवणं हा अपराध आहे. दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक माणूस उभा, वाटेत काही आडवं येत नाही ना, हे पाहण्यासाठी.

सुकन्या : आणि विमान हलत असताना दांड्याजवळ किंवा चाकाजवळ कुणी जायचं नाही.

मलप्पा : कोणत्याही परिस्थितीत नाही. विमान भरलेल्या ट्रकांहून जड असतं, परंतु सरकताना त्याच्या चाकाचा आवाज येत नाही. माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

सुकन्या : मग ही काडी म्हणजे दांडा. हा दगड म्हणजे चाक. तुम्ही या बाजूला. दांडा तुमच्या आणि चाकाच्या मध्ये. बरोबर?

मलप्पा : बरोबर.

सुकन्या : तुम्ही रेटता तेव्हा चाक तुमच्यापासून दूर जातं.

मलप्पा : दूर जातं.

सुकन्या : म्हणजे जो दांडा ओलांडतो, तो चाकाच्या अलीकडे असतो. चाक त्याला सोडून पुढे पळत असतं. जे चाक त्याच्यापासून पळतं आहे, ते त्याच्या अंगावर कसं आलं, मामा?

बसम्मा : अगं माय.

मलप्पा : अहवालात तसं नमूद आहे. तो घाईने धावत चाकाच्याही पलीकडे गेला.

सुकन्या : कानाला तार लावलेली असताना? आमचा आदिनाथ? त्याची बस सुटायला लागली तरी तो चालत जायचा. मी हे काड्यांनी शंभर वेळा मांडून पाहिलं. एकदाही जमत नाही.

मलप्पा : काड्यांनी ते समजणार नाही. प्रत्यक्ष दाखवावं लागतं.

सुकन्या : तुमच्या पुतण्याचा ट्रॅक्टर खळ्यावर उभा आहे. ट्रॉली जोडलेलीच आहे. दाखवा.

बसम्मा : नको गं! त्यांनी आठ म्हैने स्टेअरिंगला हात लावला न्हाई. पुतण्या म्हनला, काका, एक खेप ऊस टाकून या. तर यांचं पांढरंफटक तोंड बघून त्यो सोताच खेप टाकून आला.

मलप्पा : चावी आण, बसम्मा.

बसम्मा : आवो...

मलप्पा : आण. दाखवीन. तिला तो अधिकार आहे. फरक इतकाच, की तिथे मी विमानाकडे तोंड करून पुढे रेटत होतो. इथे ट्रॉली मागे आहे, म्हणून रिव्हर्समध्ये रेटीन. ट्रॉलीचं पुढचं चाक हे विमानाचं चाक समज.

सुकन्या : आदिनाथ चाकाच्या पलीकडल्या अंगाला सापडला, असं पंचनाम्यात आहे. म्हणून ही वेताची पाटी मी चाकाच्या मागे पालथी ठेवते. पाटी म्हणजे तो. मी ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला उभी राहते. इशारा मी देणार. अंगठा वर केला, की मागे घ्या. तोपर्यंत नाही. कबूल?

मलप्पा : कबूल. बसम्मा, तू उजव्या बाजूला, दूर. तू पंखाकडचा माणूस. वाट मोकळी असेल तर हात वर कर.

(खळ्यावर ट्रॅक्टर सुरू होतो. यापुढील काही वाक्ये इंजिनाच्या आवाजामुळे मोठ्याने बोललेली आहेत.)

बसम्मा : कोंबडी हाय मधी! हुश्श! गेली, गेली! केला बघा हात वर!

मलप्पा : उजवी बाजू मोकळी! पाहिली!

सुकन्या : मी अजून...

बसम्मा : आवो! आवो, थांबा! पाटी! पाटी गेली! चेपली की वो! पोरीनं हात बी उचलला न्हाई अन् तुमी...

सुकन्या : इंजिन बंद करा. मामा, इंजिन बंद करा.

मलप्पा : बंद केलं. काय झालं? तू इशारा दिलास ना.

सुकन्या : नाही.

मलप्पा : दिलास, बाळ. मी नियमाबाहेर हललो नाही. दोन वेळा दिलास. डाव्या मडगार्डवर.

सुकन्या : माझे दोन्ही हात या ओढणीत गुंडाळलेले आहेत. बघा. तुम्ही इशाऱ्यावाचून हलता का, ते बघायला मी मुद्दामच गुंडाळले होते. आणि मी तुम्हाला अंगठा म्हणाले होते. मडगार्डचा शब्दही काढला नव्हता. हे मडगार्ड कुठून आलं, मामा?

बसम्मा : बोला की वो. असं बघू नका तिकडं. तिकडं कुनी न्हाई.

सुकन्या : कुठून आलं?

मलप्पा : मला खाली उतरू दे.

बसम्मा : माझ्या खांद्याला धरा. बसा हितं सावलीत. सांगून टाका आता. मला बी सांगितलं न्हाई तुमी, आठ म्हैने एका घरात राहून.

मलप्पा : ते कारखान्यावरचं आहे. विमानतळाच्या आधीचं. तीन हंगाम आदिनाथ माझ्या ट्रॅक्टरवर होता, तुला ठाऊक आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीमागे एक. त्या जोडायच्या म्हणजे मी मागे रेटत जायचं आणि त्याने दोहोंच्या मध्ये उभं राहून पिन घालायची. मला मागचं काही दिसत नसे. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नसे. म्हणून आम्ही दोघांनी एक ठरवून घेतलं होतं. पिन बसली आणि तो बाहेर निघाला, की डाव्या मडगार्डवर दोन थापा मारायच्या. थापा आल्या की मी निघत असे. मान वळवावी लागत नसे. पुढे पुढे तर त्या कानाने ऐकाव्या लागत नसत. बसल्या जागी कमरेला कळत.

सुकन्या : हे कारखान्यावर. पण विमानतळावर तर अंगठा शिकवला असेल ना तुम्हाला?

मलप्पा : शिकवला. चार दिवस शिकवला. चालकाने हेडसेटवाल्याचा हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून हलू नये, हे वाक्य मला आजही पाठ आहे. पहिल्याच दिवशी आदिनाथ माझ्यासमोर उभा राहिला. ताठ. हात लांब करून त्याने अंगठा दाखवला, अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि मी... मी हसलो.

सुकन्या : हसलात?

मलप्पा : सर्वांदेखत हसलो. म्हणालो, 'काय रे, मामाला ठेंगा दाखवतोस? गावात दाखवला असतास का? शहरात येऊन लई मोठा झालास की!' सगळे हसले. सामान चढवणारे हसले, पंखाकडचे हसले. तोही हसला. मग त्याने मान खाली घातली आणि जवळ येऊन टगच्या डाव्या मडगार्डवर दोन थापा मारल्या. जुन्याप्रमाणे. मला फार बरं वाटलं, सुकन्या. परक्या मुलखात कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारावी, तसं.

बसम्मा : पोरगं लाजलं. थोरल्या मानसाला अंगठा कोन दाखवील?

मलप्पा : त्यानंतर त्याने मला कधी अंगठा दाखवला नाही. साहेब पाहणीला येत, तेव्हा तो अंगठाही दाखवी आणि थापाही मारी. मी थापांवरच निघत असे. चौदा महिने एकही चूक झाली नाही.

सुकन्या : मग त्या दिवशी?

मलप्पा : दांडा जोडून झाला. वैमानिकाने ब्रेक सोडला. इतक्यात आदिनाथला चाकाच्या पलीकडे खडा दिसला असावा. तिथे जमिनीवर खडा असो, खिळा असो, दिसला की उचलायचा असतो. इंजिन तो आत ओढून घेतं. इतर लोक पाहून न पाहिल्यासारखं करत. तो उचलत असे. विमान उभं असताना उचलण्यास मनाई नाही. तो चाकाआड वाकला, म्हणून मला दिसला नाही. आणि माझी नजर उजवीकडे होती. पंखाकडच्या माणसाने हात वर केला. तेवढ्यात दोन थापा आल्या.

सुकन्या : कुणी मारल्या?

मलप्पा : आठ महिने मी हेच स्वतःला विचारतो. सामानाचं दार आपटलं असेल. दांड्याची कडी बसली असेल. मी पुष्कळांना विचारलं, तसा आवाज कुणालाच आठवत नाही. परंतु माझ्या कमरेला त्या त्याच्याच वाटल्या. मी रेटलं.

सुकन्या : त्याने वैमानिकाला काही सांगितलं होतं?

मलप्पा : 'जरा थांबा' म्हणाला होता. वैमानिकाच्या जबाबात आहे ते. त्याला 'थांबा' म्हणाला. मला म्हणाला नाही.

सुकन्या : तुम्हाला का म्हणाला नाही?

मलप्पा : कारण त्याने थापा मारल्या नव्हत्या ना, बाळ. थापा मारल्याखेरीज मामा हलणार नाही, याची त्याला खात्री होती.

बसम्मा : देवा महादेवा.

सुकन्या : पंचनाम्यात 'उजव्या मुठीत खडा' असं आहे. कंपनीने सामान दिलं, त्यात तो होता. सुपारीएवढा. आईला वाटलं चुकून आला. तिने तो अंगणात टाकून दिला.

मलप्पा : मला ठाऊक नव्हतं.

सुकन्या : तुम्ही समितीला थापांचं सांगितलं का नाही?

मलप्पा : त्यांनी विचारलं, 'इशारा मिळाला होता का?' मी म्हणालो, मिळाला. ते खोटं नव्हतं. मला मिळालाच होता. कोणता इशारा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी आपल्या हाताने 'अंगठा' असं लिहून घेतलं. मग साहेब म्हणाले, 'इशारा देऊन झाल्यावरच तो दांडा ओलांडून आत गेला असणार, धावला असणार.' मी म्हणालो, 'असेल.' एवढाच शब्द मी बोललो. त्यांनी त्या 'असेल'चं 'धावला' केलं आणि माझ्यापुढे कागद सरकवला. वाचता येत असून मी न वाचल्यासारखी सही केली.

सुकन्या : त्या एका शब्दावर माझी आई आठ महिने त्याला धांदरट म्हणते आहे.

मलप्पा : होय.

सुकन्या : गावातले लोक म्हणतात, मोबाईल बघत असेल.

मलप्पा : होय. माझ्यापर्यंत ते आलं होतं.

बसम्मा : आन् ते आवाज? ते बी सांगा तिला. ते काय हाय?

मलप्पा : पंधरा दिवसांनी मला पुन्हा टगवर बसवलं. नवा हेडसेटवाला समोर उभा होता. दोन्ही हात खाली, स्तब्ध. या वेळी मी नजर त्याच्यावरून हलवली नाही. आणि डाव्या मडगार्डवर दोन थापा आल्या. मी वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भर दुपारी, लख्ख उन्हात. मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात मांडीखाली घेतले. तिसऱ्या दिवशी थापा आल्या आणि माझा पाय आपोआप दाबला गेला. बोटभरच. तो नवा माणूस उडी मारून बाजूला झाला, म्हणून वाचला. मी टग बंद केला, खाली उतरलो आणि स्टेशनचा रस्ता धरला. कंपनीने 'आजारपण' असं लिहिलं.

बसम्मा : आदिनाथ असं करनार न्हाई. त्यो कुनाच्या जिवावर उठनारा न्हवता. मुंगी मारली न्हाई त्यानं.

मलप्पा : तो जिवावर उठलेला नाही, बसम्मा. तो मला वळून पाहायला सांगतो आहे. जे मी चौदा महिने केलं नाही, तेवढंच. मी वळतो, पण तेव्हा तो तिथे नसतो.

सुकन्या : आता येतो आहे का आवाज?

मलप्पा : ट्रॅक्टर बंद झाल्यावर एकदा आला. तू मुठीतल्या खड्याचं बोललीस, तेव्हा.

सुकन्या : मला त्या आवाजाचं काही करता येणार नाही, मामा. मी तेवढी मोठी नाही. मला या कागदाचं करता येईल. हा पुरवणी जबाबाचा अर्ज. तुम्ही बोला, मी लिहिते. की माझ्या हातचं नको? तुम्हीच लिहिता?

मलप्पा : तू लिही. 'मी खाली सही करणार, दुर्दैवाच्या फेऱ्यात सापडलेला एक अभागी...'

सुकन्या : दुर्दैव नको. अभागीही नको.

मलप्पा : मग 'सदरहू दिवशी काळाने आपला क्रूर...'

सुकन्या : काळ नको, मामा. काळाला ते साहेब नोटीस पाठवू शकत नाहीत.

बसम्मा : आवो, पोरगी म्हनती तसं सरळ बोला. जसं मला बोलला असता तसं.

मलप्पा : सरळ बोललं की ते फार लहान होतं. दोनच वाक्यांत संपतं. एवढं मोठं माणूस गेलं आणि दोन वाक्यं!

सुकन्या : दोनच द्या.

मलप्पा : लिही. 'त्या दिवशी आदिनाथने मला अंगठा दाखवला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.'

सुकन्या : पुढे?

मलप्पा : 'आमच्यात मडगार्डवर थाप मारून इशारा देण्याची पद्धत होती. ती नियमाबाहेर होती. ती मी पाडली. तो नियमाप्रमाणे अंगठा दाखवत असता मी त्याची थट्टा केली. त्या दिवशी मला थाप ऐकू आल्याचा भास झाला आणि मी टग चालवला. तो धावला नाही. त्याने दांडा ओलांडला नाही. तो चाकापलीकडे खडा उचलत होता, ते त्याचं काम होतं.' झालं?

सुकन्या : झालं. 'भास' राहू द्यायचा?

मलप्पा : राहू दे. दुसरा शब्द मला मिळाला नाही.

बसम्मा : पोलीस येतील का गं?

सुकन्या : येतील, मामी. खोटं कशाला सांगू? टगचा परवाना जाईल. केस होईल. मामा, सही करण्याआधी हे ऐकून ठेवा. मी तुम्हाला फसवून नेलं असं नको.

मलप्पा : ऐकलं. परवाना त्या पत्र्याच्या पेटीत आहे, तोही घेऊन जा. आणि तू? तू सोमवारी काय करणार?

सुकन्या : जाणार. त्यांचा संमतीचा कागद कोरा परत देणार आणि हा वर ठेवणार. त्यावर त्यांनी मला घेतलं तर मी हेडसेट कानाला लावीन. नाही घेतलं तर लोह्याला शिकवण्या घेईन. आईला मात्र आज संध्याकाळीच सांगणार. त्यासाठी सोमवारची वाट पाहणार नाही.

बसम्मा : मी येऊ का तुझ्यासंगं? तुझ्या आईम्होरं मी बसते. यांच्या वाटची मी बसते.

सुकन्या : आज नको, मामी. आज ती कुणाचं तोंड बघणार नाही. पुढे कधी बोलावलं तर या.

बसम्मा : न्हाई बोलावलं तर?

सुकन्या : तर नका येऊ.

मलप्पा : बरोबर बोलते आहे ती. आण तो कागद.

सुकन्या : थांबा, वरचे रकाने राहिले. नाव लिहिलं. वय?

मलप्पा : त्रेपन्न.

सुकन्या : शिक्षण?

मलप्पा : सातवी उत्तीर्ण.

सुकन्या : गाव लिहिलं. पुढचा रकाना. 'मृताशी नातं.'

मलप्पा : तो कोरा ठेव.

सुकन्या : कोरा ठेवला तर अर्ज परत येतो. तसं खाली छापलंय.

मलप्पा : मग तूच काय ते लिही. तो मला काय म्हणत असे, हे मी स्वतःच्या तोंडाने लिहून घेऊ शकत नाही. मला तो अधिकार उरलेला नाही.

सुकन्या : लिहिलं.

बसम्मा : काय लिहिलंस, यव्वा?

सुकन्या : टगचा चालक.

मलप्पा : बरोबर आहे. आण इकडे, सही करतो.